एकुलत्या किडनीतली गाठ

नगरच्या सोनोग्राफी सेंटरमधल्या डॉक्टरांचा हात माझ्या उजव्या कुशीवर थांबला आणि पुढे सरकेना. पडद्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "डावी किडनी कधी काढली?"

"काढली नाही, दिली," मी म्हणाले. "भावाला. अकरा वर्षं झाली."

त्यांनी यंत्र पुन्हा एकदा त्याच जागी फिरवलं. पोट पुसायला कागद दिला आणि बाहेर बसायला सांगितलं. बाहेर माझे मिस्टर बसले होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, मी शेजारी जाऊन बसले. समोरच्या भिंतीवर पंखा फिरत होता आणि त्याचं एक पातं किंचित वाकडं होतं. त्या दिवसाचं मला सगळ्यात नीट काय आठवतं, तर ते पातं.

मी मंगल. पारनेर तालुक्यात आमच्या गावाजवळ दुधाचं शीतकरण केंद्र आहे, तिथे मी वीस वर्षं दूध तपासते. गावोगावचे कॅन येतात, मी नमुना घेते, फॅट बघते, पाणी घातलंय का ते कळायला डिग्री बघते, वास घेते आणि मगच ते दूध मोठ्या टाकीत गार व्हायला जातं. मला कसलाही त्रास नव्हता. किडनी देणाऱ्यानं दर वर्षी तपासणी करून घ्यायची असते. पहिली चार वर्षं मी केली, मग कंटाळा केला. या वेळी माझा धाकटा भाऊ अशोक, ज्याला मी किडनी दिली तोच, फार मागे लागला म्हणून गेले. त्यानं हट्ट केला नसता तर हे सगळं कधी कळलं असतं, कोण जाणे.

पुढे सीटी स्कॅन झाला, सुई टोचून तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी नगरच्या सर्जननी रिपोर्ट वाचून सांगितलं, कॅन्सर आहे. मोठ्या सुपारीएवढी गाठ, किडनीच्या मधल्या भागात. दुसरी किडनी असती तर ही काढून टाकली असती, असं म्हणता म्हणता ते मध्येच थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, ही काढली तर आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला बसावं लागेल, आयुष्यभर. गाठ अशा ठिकाणी आहे की तेवढीच कापून काढणंही अवघड. पण पुण्यात एक डॉक्टर मॅडम सुईनं गाठ गोठवतात, त्यांना एकदा दाखवा.

मी "बरं" म्हणाले. मिस्टर बाहेर आल्यावर म्हणाले, "चल, पाचची गाडी सापडंल." आम्ही पाचच्या गाडीनं घरी आलो. मी भाकरी केल्या. दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि सगळ्या कॅनांचं दूध तपासलं.

हे मी अशासाठी लिहिते आहे की, माझ्यासारखी दुसरी कोणी असेल आणि तिला रडू येत नसेल, तर तिनं घाबरू नये. लोक येतात, हात धरतात, रडतात आणि आपण काय करावं ते कळत नाही. मी त्यांना चहा करून देत होते.

*

एकाच गोष्टीनं मात्र मला धक्का बसला. माझ्या दोन किडन्या. एक माझ्या पोटात, एक अशोकच्या. माझ्यातलीत गाठ निघाली, मग त्याच्यातलीत?

अशोक नगरला केडगावात राहतो, एमआयडीसीत लेथवर काम करतो. त्याला फोनवर सांगणं मला जमलं नाही, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. मी सांगितलं तेव्हा त्याचा हात आपोआप त्याच्या ओटीपोटावर गेला, जिथे बसवलेली किडनी असते तिथे. त्याची बायको वैशाली ते बघत होती. तिनंच दुसऱ्या दिवशी त्याला तपासणीला नेलं.

त्याचा रिपोर्ट स्वच्छ आला. वैशालीनं फोन करून सांगितलं आणि आनंदानं बोलता बोलता गप्प झाली. मला तिची अडचण कळली. तिच्या नवऱ्याकडे असलेली किडनी चांगली होती आणि माझ्याकडे राहिलेली वाईट निघाली होती. यावर खूश तरी कसं व्हायचं? मी तिला म्हणाले, "बरं झालं गं." आणि मला खरोखर बरं वाटलं होतं. त्या महिन्यात मला जे काही वाटलं, ते तेवढंच.

*

पुण्याला चौघंही गेलो. मॅडम पन्नाशीच्या होत्या, बारीक चणीच्या. स्कॅन पडद्यावर लावून त्यांनी गाठ दाखवली. पाठीतून सुया घालायच्या, टोकं गाठीत न्यायची, सुईतून वायू सोडून टोकाशी बर्फाचा गोळा तयार करायचा, त्या गोळ्यात गाठ मरते, असं त्यांनी सांगितलं. वीस वर्षं मी दूध गार होताना बघत आले होते. माझा विश्वास बसेना.

"मॅडम, गारठ्यानं काही मरत नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे दूध चार डिग्रीला ठेवतात. जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. बाहेर काढलं की पुन्हा सुरू. मारायचे तर तापवावंच लागतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बरोबर आहे तुमचं. चार डिग्रीला कॅन्सरची पेशीही नुसती थांबेल. मी उणे चाळीसच्या खाली नेणार आहे, आणि झपाट्यानं. तिथे पेशीच्या आतल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात. ते तिला आतून फाडतात. मग मी बर्फ वितळू देते. वितळताना पेशीत पाणी शिरतं, ती फुगते आणि फुटते. तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्याही बुजतात. काही पेशी चिवट असतात, त्यांच्यासाठी लगेच दुसऱ्यांदा गोठवायचं."

"आणि चांगल्या पेशी?"

"त्याही मरतात. बर्फाला चांगलं-वाईट कळत नाही. म्हणून सुई कुठे ठेवायची ते महत्त्वाचं. गाठीच्या भोवतीची थोडी चांगली किडनी जाईलच. गोळ्याच्या कडेला थंडी कमी असते, तिथे एखादी पेशी वाचू शकते. म्हणून गोळा गाठीपेक्षा थोडा मोठा करावा लागतो."

गरम करून मारतात का, असं मिस्टरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, मारतात. साठ डिग्रीच्या वर पेशी अंडं शिजावं तशी शिजते, तसली सुईही त्यांच्याकडे होती. पण माझी गाठ लघवी गोळा होते त्या भागाला लागून होती. तिथे भाजलं तर तो भाग आकसून बंद होण्याची भीती. बर्फ त्या भागाला त्या मानानं कमी दुखावतो, आणि स्कॅनवर बर्फाचा गोळा वाढताना दिसतो, कुठे थांबायचं ते कळतं. शंभर टक्के खात्री मात्र त्यांनी दिली नाही. किडनीनं किती साथ दिली ते नंतरच कळेल, असं स्पष्ट सांगितलं.

आम्ही उठणार तेवढ्यात अशोक बोलला. 

"मॅडम, माझी काढून हिला परत देता येईल का? चांगली आहे ती. रिपोर्ट आहे माझ्याकडे."

त्यानं पिशवीतून खरंच फाईल काढली. वैशाली जमिनीकडे बघत राहिली.

मॅडमनी त्याची फाईल हातात घेतली, उघडली, वाचली. मग त्याला समजावून सांगितलं की अकरा वर्षं औषधांवर जगलेली ती किडनी काढताना टिकेल याची खात्री नाही, टिकली तरी पुन्हा बसवण्यात धोका मोठा, आणि दोघंही डायलिसिसवर जायचे. तो मान हलवत राहिला. त्याला ते आधीपासून माहीत असावं. पण कोणीतरी नाही म्हटलेलं त्याला ऐकायचं होतं, असं मला वाटतं.

*

तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या तीन आठवड्यांत मी एक मूर्खपणा केला, तो लिहिला पाहिजे.

कॅन्सर म्हटल्यावर मोबाईलवर निरोप यायला लागले. कॅन्सरला उष्णता सोसत नाही, गरम नारळपाणी प्या, उन्हात बसा, शेक घ्या. अशोक रोज काहीतरी पाठवायचा. नारळ तर तो नगरहून घेऊनच आला. मी गरम करून प्यायले, त्याच्या समाधानासाठी. पण ते सगळं वाचून माझ्याही डोक्यात एक हिशोब बसला होता. तापवल्यावर जंतू मरतात हे मी वीस वर्षं बघितलेलं. मग रोज दुपारी घरात कोणी नसताना मी चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि कुशीच्या मागे लावून पडायची. आधी दोन फडकी होती, मग एक.

मला भाजत नव्हतं. म्हणजे भाजत असणारच, पण कळत नव्हतं. मी छताकडे बघत पडायची आणि वीट गार झाली की उठायची.

एका संध्याकाळी झंपर बदलताना मिस्टरांचं लक्ष गेलं.

"आगं, पाठ भाजलीय की तुजी. फोड आलाय केवढा. तुला कळलं न्हाई?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मला वळवून दिव्याखाली धरलं, बराच वेळ बघितलं, मग जाऊन खोबरेल तेल आणलं आणि बोटानं लावलं.  विटेचं मी सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. चुलीजवळची वीट उचलून त्यांनी लांब बांधाच्या पलीकडे नेऊन टाकली.

पुण्यात मॅडमनी फोड बघितला. सुया बरोबर तिथूनच जाणार होत्या. कातडी बरी झाल्याशिवाय आत जाता येणार नव्हतं, म्हणून तारीख दोन आठवडे पुढे गेली. त्या मला रागानं काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "बाहेरून कितीही शेकलं तरी आत पोचत नाही. रक्त ती उष्णता वाहून नेतं आणि सगळ्या अंगात वाटून टाकतं. कातडी भाजते, गाठीला पत्ताही लागत नाही. आणि समजा थोडी तापली, तरी थोड्या तापण्यानं पेशी मरत नाही, उलट सावध होते. स्वतःला सांभाळायची तयारी करते. मारायचं तर पुरतं मारावं लागतं, आणि नेमकं."

ज्यांच्या घरात शेक, गरम पाणी, काढे चालू आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. मी दोन आठवडे गमावले, आणि ते दोन आठवडे गाठ माझ्या पोटात होती.

*

त्या दोन आठवड्यांत वैशालीचा फोन आला. अशोक त्याच्या गोळ्या घेत नव्हता. बसवलेली किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून त्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जन्मभर घ्याव्या लागतात. तीन दिवसांच्या गोळ्या तिला डबीत तशाच सापडल्या होत्या. "आक्का, माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली. "मी काही बोलले तर म्हणतात, तिची खाऊन मी जगतोय."

मी दुपारच्या गाडीनं केडगावला गेले. अशोक कामावर गेला नव्हता, कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. रागवायची ताकद माझ्यात नव्हती, समजावण्याचीही नव्हती. मी गोळ्यांची डबी घेतली, पाण्याचा तांब्या घेतला आणि त्याच्या उशाशी बसले.

"अशोक, उठ. ही किडनी माझी आहे. तुझ्याकडे आहे म्हणून चांगली राहिली. ती खराब करायचा तुला हक्क नाही."

तो उठला नाही.

"माझ्या पोटातली जगेल का मला माहीत नाही," मी म्हणाले. "निदान एक तरी राहू दे."

मग तो उठला. गोळ्या घेताना रडत होता, पाणी छातीवर सांडत होतं. वैशाली दारात उभी होती, तीही रडत होती. मी डबीचं झाकण लावलं. माझे डोळे कोरडे होते आणि मला त्याची लाज वाटत होती. तीन दिवसांच्या खंडानं नुकसान झालं नव्हतं, हे नंतर तपासणीत कळलं.

*

गोठवण्याचा दिवस. मला पोटावर पालथं झोपवलं. अर्धवट गुंगीचं औषध होतं, पाठ बधिर केली होती, पण मी जागी होते. तोंडाखाली मध्ये भोक असलेली गोल उशी, त्यातून फरशी दिसायची. टेबल स्कॅनच्या भोकात आत जायचं, बाहेर यायचं. प्रत्येक फेरीला मॅडम सुई थोडी सरकवायच्या. एकूण तीन सुया. किडनीला आतडं चिकटून होतं, ते गोठू नये म्हणून मध्ये पाणी सोडून ते बाजूला सारलं.

मग वायूचा आवाज सुरू झाला, सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा. कोणीतरी मिनिटं मोजत होतं. दुखत नव्हतं. आत खोलवर काहीतरी जड होत चाललं होतं, एवढंच. दहा मिनिटांनी थांबले. वितळू दिलं. पुन्हा तोच आवाज, पुन्हा दहा मिनिटं. मधल्या वेळात एक सिस्टर माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. तिचं नाव मला माहीत नाही.  पण तो हात मला अजून आठवतो.

संपल्यावर मला हुडहुडी भरली. दात वाजत होते, खाट हलत होती. दोन गरम ब्लँकेटं घातली तरी थांबेना. सुमारे अर्ध्या तासानं उतरली. रात्री आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली. लघवीच्या पिशवीतला रंग बघून मिस्टर बाहेर जाऊन उभे राहिले. होतं असं, दोन दिवसांत साफ होईल, असं सिस्टरनी सांगितलं होतं. तशी ती झाली. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायची घाण, वाढलं, सगळे चिंतेत पडले, मग चौथ्या दिवशी ते उतरायला लागलं. पहिल्याइतकं खाली आलं नाही, पण डायलिसिस लागलं नाही.

घरी परतताना शिरूरच्या पुढे गाडीत मिस्टर बोलायला लागले. ते खिडकीकडे बसले होते आणि बाहेरच बघत होते.

"तवा मी सही केली," ते म्हणाले. मी अशोकला किडनी देण्याआधी नवऱ्याची संमती लागली होती, त्या कागदाचं ते बोलत होते. "मनात न्हवतं माज्या. तुला वाईट वाटंल म्हनून केली. आता रोज वाटतं, न्हाई म्हनलो असतो तर तुज्याकडं दोन असत्या."

"नाही म्हणाला असता तर अशोक नसता."

"व्हय." त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. "ते बी म्हायती हाय. म्हनून तर कुनाला बोललो न्हाई."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पारनेरच्या फाट्यापर्यंत तो तसाच होता.

*

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठीच्या जागी एक काळा डाग दिसत होता. शिरेतून सोडलेलं औषध त्या डागात शिरत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तिथे रक्त जात नाही, म्हणजे तिथे काही जिवंत नाही. शरीर तो भाग हळूहळू आकसून टाकेल. वर्षानुवर्षं तपासत राहायचं, कडेला काही उगवत नाही ना ते बघायचं.

अशोकनं मॅडमच्या पायांना हात लावला. वैशालीनं घरी फोन केला. मला कोणी विचारलं, कसं वाटतंय, तर मी बरं म्हणाले. खरं म्हणजे काहीच वाटत नव्हतं. आनंदही वेळेवर येईलच असं नसतं, हे मला तेव्हा कळलं. तो माझ्याकडे पुढच्या काही महिन्यांत थोडा थोडा आला, कधी भाजी निवडताना, कधी दुधाचा वास घेताना. एकदा विनाकारण रडूही आलं, शेजारणीच्या म्हशीला रेडी झाली तेव्हा. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून चांगली पंधरा मिनिटं रडले.

आता सहा महिन्यांनी तपासणी असते. अशोकची आणि माझी आम्ही एकाच दिवशी करतो, नगरमध्येच. परवा गेलो होतो. मिस्टर मध्ये, एका बाजूला अशोक, एका बाजूला मी. नवीन सिस्टर होती. दोन फायली बघून तिनं विचारलं, "यातला पेशंट कोण?"

अशोकनं माझ्याकडे बोट केलं. मी अशोककडे केलं.

"दोघं बी," मिस्टर म्हणाले. "किडन्या मातर एकीच्याच हायेत."

सिस्टरनं एकदा अशोककडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि दोन्ही नावं लिहून आम्हाला बरोबरच आत सोडलं.